तांबडी एकटीच उरली आहे

प्रश्न: आमचं घर कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत आहे, मागे काजूची बाग. मागीलदारी चिऱ्याचं खुराडं आहे, वर मंगलोरी कौलं. सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. परवा रात्री काहीतरी आत शिरलं. सकाळी पाहते तर पाच कोंबड्या आत मरून पडलेल्या, माना चावलेल्या. कोंबडा नाहीसा. एक कौल सरकलेलं. सहावी, आमची तांबडी, फणसाच्या फांदीवर सापडली. तिच्या पाठीवरची पिसं उपटली आहेत आणि कातडीला दोन भोकं दिसतात. खात नाही, डोळे मिटून कोपऱ्यात बसते, अंडं बंद. काल संध्याकाळी खुराड्यात शिरलीच नाही, पुन्हा फणसावर चढली. सासूबाई म्हणतात, एकटी कोंबडी जगत नाही, झुरून मरण्याआधी कापून टाक. मुलगी रडते. आठवडा बाजारातून लगेच दोन कोंबड्या आणू का? जखमेला काय लावू? तो प्राणी परत येईल का? फळीवर टोपलीत गेल्या चार-पाच दिवसांची नऊ अंडी आहेत, ती खायलाही मन होत नाही.

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर अंधार पडण्याआधी तुमच्या हाती असायला हवं. हो, तो परत येईल. जिथे एकदा पोटभर मिळालं तिथे तो आज-उद्या फेरी मारणारच, आणि बहुतेक त्याच वाटेने. रात्रीची वेळ, कौल सरकवून वरून शिरणं, मानेवर चावा, एक भक्ष्य उचलून नेणं, हे सगळं उदमांजराकडे बोट दाखवतं. दुसरा संशय रानमांजरावर. मुंगूस दिवसाचा प्राणी, कोल्हा कौलांवर चढत नाही, आणि कुत्र्यांनी दार किंवा जमीन उकरली असती. पाच मारून एकच नेला याचं नवल वाटू देऊ नका. बंद जागेत कोंबड्या फडफडत राहतात, आणि फडफड थांबेपर्यंत तो चावत सुटतो.

म्हणून फणस तिच्यासाठी सुरक्षित नाही. परवा ती तिथे वाचली, कारण तो खाली गुंतला होता. उदमांजर झाडावर तिच्यापेक्षा सराईतपणे चढतं, आणि कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी ती फणसाकडे निघेल, त्याआधीच तिला घरात घ्या. पळापळ करून पकडू नका, तिच्या अंगात सध्या पळण्याएवढंही त्राण नाही. हाती लागली नाहीच, तर फांदीवर बसू द्या आणि पूर्ण अंधार पडल्यावर दोन्ही पंख अंगाशी दाबून शांतपणे उतरवून घ्या.

घरात म्हणजे दार बंद होणाऱ्या खोलीत. पडवीत डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवून वर दगड ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण ती दिवसा, पिल्लांसाठी ठीक. रात्री डालगं उलथवणं मांजराएवढ्या प्राण्यालाही जड नाही. दोन फूट लांब, दीड फूट रुंद खोकं घ्या, तळाशी तीन इंच सुका पेंढा किंवा तूस पसरा, वरून हवा खेळेल असं फडकं टाका. चुलीचा धूर येणारी जागा नको. जखमी पाखराला ऊब लागते. पावसाळी गारठा असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर तिला दुसरीकडे सरकता येईल. आता घरोघरी असलेल्या एलईडी बल्बने प्रकाश पडतो, ऊब मिळत नाही, त्यामुळे तो लावून उपयोग नाही.

मेलेल्या कोंबड्यांचं काय केलंत ते पत्रात नाही. बागेत टाकल्या असतील तर आजच उचला आणि विहिरीपासून लांब तीन फूट खोल पुरून वर चुना टाका. त्या वासावर तो पुन्हा येतो आणि गावातली कुत्रीही गोळा होतात. खुराड्यातला रक्ताचा पेंढा जाळून टाका.

आता जखम. दोन भोकं म्हणजे सुळ्यांच्या खुणा. अशी जखम वरून तांदळाएवढी दिसते आणि आत अर्धा इंच गेलेली असते. अशा प्राण्यांच्या दातांवरचे जंतू पाखराच्या रक्तात लवकर पसरतात, आणि चावून दोन रात्री होत आल्या आहेत. त्यामुळे घरचे उपाय सुरू करा, पण तिला आजच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जाणं जमत नसेल तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर विचारा. जंतुरोधक औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरांनीच द्यावं. औषध सुरू असताना आणि ते संपल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही त्यांनाच विचारून घ्या.

जखम धुण्यासाठी एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात 9 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ विरघळवा. सुई नसलेल्या 10 मिलीच्या सिरिंजने हे पाणी हलक्या धारेने भोकांवर सोडा, जोराने आत मारू नका. कोंबडीच्या अंगात फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येत असतील, तर चाव्याने पिशवी फुटली आहे असं समजा. मग एक थेंबही पाणी आत जाऊ देऊ नका, सरळ डॉक्टरकडे न्या. जखमेभोवतीची कातडी फुग्यासारखी फुगली आणि दाबल्यावर चरचर लागली, तरी तेच करा.

जखमेभोवतीची पिसं बोटभर रुंदीत कात्रीने कापा, उपटू नका. ज्या कोवळ्या पिसाचा दांडा जांभळट दिसतो त्यात रक्त असतं, ते कापूच नका. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात बिनदुधाच्या फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसाने लावा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. हळद खरचटल्यावर चालते, पण दाताच्या भोकावर हळद थापली की वर खपली धरते आणि घाण आतच कोंडते. रॉकेल, फिनेल, चुना यातलं काहीही नको. घरातली माणसांची वेदनाशामक गोळीही नको. ज्या डायक्लोफिनॅकने देशातली गिधाडं मेली आणि ज्यावर 2006 साली जनावरांसाठी बंदी आली, ते औषध आजही माणसांच्या गोळ्यांच्या डब्यात असतं. पाखरांच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही.

माशा हा पावसाळी हवेतला मोठा धोका आहे. माशीने जखमेवर घातलेल्या अंड्यांतून चोवीस तासांत अळ्या निघतात. जखम बरी होईपर्यंत तिला दिवसाही मच्छरदाणीच्या कापडाखाली ठेवा. रोज पाहताना पिवळट, पनीरसारखा घट्ट गोळा दिसला तर तो पू आहे. कोंबडीचा पू वाहत नाही, तो गोठतो, म्हणून "पू नाही, म्हणजे बरं आहे" असं धरून चालू नका. तो गोळा डॉक्टरांना काढू द्या. आणि फक्त पाठ पाहून थांबू नका. रात्री बॅटरीच्या उजेडात तिला डाव्या काखेत धरा, पिसांवर उलट फुंकर मारत मान, पंखांखाली, मांड्या आणि शेपटीखालचा भाग तपासा. दुसरा चावा पिसांखाली लपलेला असू शकतो.

खाण्याचं म्हणाल तर आधी पाणी. खाण्याची ओढ त्यानंतरच येते. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, एवढंच. मीठ जास्त झालं तर कोंबडीला बाधतं, हात आखडता ठेवा. हे पाणी दोन दिवस द्या, रोज ताजं करून, मग साधं पाणी. चोच पाण्यात बुडवून सोडून द्या, ती स्वतः मान वर करून गिळेल. चमच्याने घशात ओतू नका, कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते आणि पाणी थेट तिथे जातं.

खायला उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, भिजवलेली तांदळाची कणी, थोडी नाचणी. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी मोठा चमचाभर. उरलेलं अर्ध्या तासात उचला, नाहीतर आंबतं. धडधाकट गावठी कोंबडी दिवसाला 80 ते 100 ग्रॅम दाणा खाते. पहिल्या दोन दिवसांत त्याच्या निम्मं गेलं तरी पुष्कळ.

ती खाते की नुसती चोच मारते, हे कळायला एक खात्रीची खूण आहे. रात्री निजल्यावर गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला हात लावा. पोट भरलं असेल तर तिथे लिंबाएवढी मऊ पिशवी लागते. पहाटे तीच पिशवी रिकामी झालेली असायला हवी. रात्रीही रिकामी असेल तर ती उपाशी आहे. पहाटेही पिठाच्या गोळ्यासारखी घट्ट असेल तर खाल्लेलं पुढे सरकत नाही, दाणा बंद करून डॉक्टरांना विचारा. विष्ठाही पाहा: गडद हिरवी आणि वर पांढरं, म्हणजे पोटात अन्न नाही. पहिल्या दिवशी हे दिसेलच, चौथ्या दिवशी दिसता कामा नये. भाजीच्या काट्याला पिशवी लावून रोज एकाच वेळी वजन करा. सव्वा किलोच्या कोंबडीचं वजन सव्वाशे ग्रॅमने उतरलं की वाट पाहत बसू नका.

अंडं बंद होणं हा आजार नाही. घाबरलेलं, जखमी शरीर आधी स्वतःला सावरतं. तीन-चार आठवडे सहज जातील, मध्ये पिसं झडली तर त्याहून जास्त. मात्र आज एक पाहून घ्या: ती शेपूट खाली पाडून, उभट होऊन कुंथते आहे का? शेपटीखाली पोटात टणक काही लागतं का? भीतीने तयार अंडं आत अडकू शकतं. तसं असेल तर पाठीची जखम भिजू न देता, पोटापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा आणि अंधाऱ्या खोक्यात ठेवा. काही तासांत अंडं आलं नाही तर डॉक्टर. दाबून बाहेर काढायला जाऊ नका, ते आत फुटलं तर कोंबडी जाते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोंबडी हा थव्याचा जीव. थव्यात एक पाहते तेव्हा बाकीच्या खातात. एकटी पडली की खाणं आणि पहारा दोन्ही तिलाच करावं लागतं. दोन दाणे टिपते, मान वर करते, पुन्हा टिपते, आणि मग खाणंच सोडते. झुरणं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं, त्यात भर पडते न पाहिलेल्या चाव्याची. जखम सांभाळली, पोटात अन्न गेलं आणि रात्र बंद दाराआड गेली, तर एकटी कोंबडी महिना-दीड महिना नक्की काढते. कापायचा विचार एकाच परिस्थितीत करावा: हाड बाहेर आलं आहे, आतडी दिसतात, किंवा दोन दिवस उपचार करूनही ती पायावर उभी राहत नाही. तेव्हा तिचे हाल थांबवणं योग्य, आणि औषध दिलेलं असेल तर ते मटण खायचं नाही. तुमची तांबडी दोन रात्री स्वतः फणसावर चढली आहे, तिची पाळी आलेली नाही.

दिवसा तिला जिथे तुमचा वावर असतो तिथे ठेवा, स्वयंपाकघराबाहेर किंवा गुरांच्या गोठ्याजवळ, जाळीच्या आडोशाला. माणसांचे, गुरांचे ओळखीचे आवाज तिला धीर देतात. सगळ्यांना दाणा टाकताना जी हाक मारत होता तीच मारा, त्याच वेळी, त्याच माणसाने. मुलीला हे काम द्या, पण सारखं उचलून मांडीवर घेऊ देऊ नका. शेजारी बसून भातात बोटं फिरवत राहिली तरी कोंबडी "कोणीतरी खातंय" म्हणून चोच घालते. तिच्या उंचीवर भिंतीला टेकवलेला हातभर आरसाही काही दिवस चालतो. त्यात टोचे मारायला लागली तर काढा.

आणखी एक, आधीच सांगून ठेवलेलं बरं. कोंबडा गेल्यावर उरलेली एखादी कोंबडी आरवायला लागते. घरात कोणी त्याला अशुभ म्हणेल आणि पुन्हा सुरीची गोष्ट निघेल. त्यात अशुभ काही नाही. कळपाचा म्होरक्या नसला की ती जागा उरलेली घेते, कधी शरीरातले स्राव बदलल्यानेही हे होतं. तिला आरवू द्या.

टोपलीतल्या नऊ अंड्यांबद्दल. ती खाऊ नका, पण वेगळ्या कारणासाठी. कोंबडा परवापर्यंत कळपात होता, म्हणजे ही अंडी फळलेली असण्याची शक्यता चांगली आहे, आणि गेलेल्या पाच जणींचा वंश आता याच टोपलीत आहे. आपल्या उकाड्यात सात दिवसांपुढचं अंडं भरवशाचं राहत नाही, म्हणून उद्यापर्यंत हालचाल करा. अंडी धुऊ नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, निमुळतं टोक खाली करून गार जागी तांदळात रोवा. वाडीत कोणाची कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली आहे का ते विचारा. निम्मी पिल्लं त्यांची, निम्मी तुमची, या बोलीवर कोणीही तयार होईल. गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी नीट मावतात. पेन्सिलीने खूण करा आणि संध्याकाळी सगळी एकदम खाली सरकवा. रोज एकेक घातलं तर पिल्लं वेगवेगळ्या दिवशी फुटतात, आणि कोंबडी पहिली पिल्लं घेऊन उठते, बाकी अंडी गार होतात. सातव्या रात्री अंड्यामागे बॅटरी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे, स्वच्छ पिवळं दिसलं तर काढून टाका. अठराव्या दिवसापासून हात लावायचा नाही, एकविसाव्या दिवशी पिल्लं.

तांबडीलाच ही अंडी उबवायला बसवता येणार नाहीत. खुडूक येणं ही शरीराची वेगळी अवस्था आहे, भ्यालेली कोंबडी बळेच बसवली तरी उठून जाते. पण तिने पुढच्या दहा-बारा दिवसांत चुकून अंडं दिलं, तर तेही फळलेलं असू शकतं. कोंबडा गेला तरी तेवढे दिवस कोंबडीच्या शरीरात त्याचं बीज टिकतं. औषध सुरू असेल तर मात्र ते अंडं उबवायला ठेवू नका.

आता खुराडं. चिऱ्याच्या भिंती चांगल्या आहेत, खोट वरती आहे. मंगलोरी कौल नुसतं टेकलेलं असतं, उदमांजर ते नाकाने उचलतं. कौलं उतरवा, वाशांवर अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी अंथरा आणि वर पुन्हा कौलं घाला. बाजारात स्वस्तात मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रं ती फाडतं, मोठ्या भोकातून मुंगूस शिरतो, आणि जाळीला टेकून निजलेल्या कोंबडीचा पाय बाहेरून ओढला जातो. जाळी सुतळीने बांधू नका, लाकडी किंवा पत्र्याची पट्टी वर ठेवून दर सहा इंचांवर स्क्रू मारा. नुसते वाकवलेले खिळे एका हिसक्यात निघतात.

भिंत आणि छप्पर यांच्यामधली फट हवेसाठी लागतेच, ती बुजवू नका. कोंडलेल्या खुराड्यात विष्ठेचा वाफारा डोळ्यांना झोंबतो आणि श्वासाचे आजार सुरू होतात. फटीवर तीच जाळी लावा. दाराखाली अर्ध्या इंचापेक्षा जास्त जागा नको, खाली चिरा बसवून उंबरा करा. नुसती खिटी प्राण्याच्या पंजाने फिरते, कडीत कुलूप किंवा स्प्रिंगचा हुक हवा. जमीन मातीची असेल तर भिंतीबाहेर चारही बाजूंनी दोन फूट रुंद जाळी आडवी पसरून वर माती टाका. उकरणारा भिंतीच्या कडेलाच उकरतो, खाली जाळी लागली की सोडून देतो. दाण्याचं भांडं रात्री आत ठेवू नका. दाण्याला उंदीर-घुशी येतात, त्यांच्या मागे धामण आणि नाग. डांबरगोळ्यांनी साप थांबत नाही.

काम झाल्यावर खुराड्याभोवती संध्याकाळी चाळलेली राख किंवा रांगोळी हातभर पट्ट्यात पसरा. सकाळी पावलं वाचता येतात. मांजराच्या गोल ठशात चार बोटं दिसतात, नखं दिसत नाहीत. कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशात चार बोटं आणि नखं. उदमांजराची पाच बोटं. साप गेला असेल तर लांबलचक पट्टा. आठ दिवस हे करा. कोण, कुठून, कितीदा येतो ते कळेल, आणि एखादी फट राहिली असेल तर तीही तोच दाखवून देईल.

विषाचं आमिष किंवा फासकी कोणी सुचवली तर ऐकू नका. हे सगळे रानटी प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात, आणि विष गावातल्या कुत्र्या-मांजरांपर्यंतही पोचतं. कुंपणात वीज सोडणं तर माणसाच्या जिवावर बेततं. साप किंवा प्राणी आत अडकलेला दिसला तर वन विभागाच्या 1926 क्रमांकावर सांगा.

खुराडं पक्कं झालं तरी तांबडी सहजासहजी आत जाणार नाही. तिला ती जागा आठवते, म्हणूनच ती काल फणसावर गेली. आतलं रूप बदला: भिंतींना चुना लावा, बसायची दांडी वेगळ्या बाजूला घ्या. दांडी दोन इंच रुंद, कडा घासलेली, जमिनीपासून दोन फूट, भिंतीपासून फूटभर लांब. दिवसा दार उघडं ठेवून आत दाणा टाका, आणि संध्याकाळी आत मंद दिवा लावा. उजेडामुळे तिला आत बसलेलं कोणी नाही हे दिसतं. पहिले काही दिवस अंधार पडल्यावर उचलून दांडीवर ठेवावं लागेल.

सोबतीण हवीच, पण आठवडा बाजारातून आणि या आठवड्यात नको. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका टोपल्यात येतात. मानमोडी (राणीखेत) आणि देवी हे आजार सुरुवातीला वरून दिसत नाहीत, आणि जखमी कोंबडीला त्या आधी धरतात. वाडीतल्याच एखाद्या घराकडून, जिथे गेले काही महिने मर नाही, तिथून दोन तलंगा (तरुण कोंबड्या) घ्या. एकच आणली तर दोघींत सतत झोंबाझोंबी होते, दोन असल्या की मार वाटला जातो. फार लहान पिल्लं नकोत, अंगाने तिच्या जवळपास असाव्यात. कोंबडा तर आताच नको. त्याला आठ-दहा कोंबड्या लागतात, एकटीवर तो सारखा चढेल आणि पाठीची जखम पुन्हा उघडेल.

आणलेल्या तलंगा 21 दिवस वेगळ्या ठेवा, निदान तीस-चाळीस फुटांवर, भांडी वेगळी. आधी तांबडीला दाणा, मग त्यांना, मग हात धुवायचे, हा क्रम मोडू नका. एवढ्या अंतरावर आवाज ऐकू येतात, आणि तांबडीला तेवढाही आधार पुरतो. या दिवसांत तिघींना जंताचं औषध डॉक्टरांकडून घ्या. पंखांखाली उवा दिसल्या तर पाटीत कोरडी लाल माती आणि चाळलेली राख ठेवा, त्या स्वतः लोळतील. तांबडीने मात्र जखम भरल्यावरच लोळायचं. मानमोडीची आरटूबी लस आठ आठवड्यांवरच्या कोंबडीला देतात, पण फक्त धडधाकट असताना. ती दिल्यावर निदान दोन आठवडे त्यांना वेगळंच ठेवा. तांबडीला ती जखम पूर्ण भरल्यावरच. लशीच्या कुपीत शंभरएक मात्रा असतात आणि कालवल्यावर बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा.

एकविसाव्या दिवशी थेट एकत्र सोडू नका. आधी आठवडाभर मध्ये जाळी ठेवा आणि दाणा जाळीच्या दोन्ही अंगांना असा टाका की त्या चोचीला चोच लागून खातील. जाळीवरून फुगून धावणं थांबलं की रात्री, तिघी निजल्यावर, तलंगांना दांडीवर तिच्या शेजारी ठेवा. सकाळी उजाडायच्या आत तुम्ही तिथे हव्यात. टोचाटोची होणारच, तुऱ्यावर टोचे बसतील, एक पळेल, दुसरी पाठलाग करेल. तीन दिवस ते आठवडाभर हे चालतं आणि कोण वरची ते ठरतं. दाण्याची आणि पाण्याची दोन-दोन भांडी लांब लांब ठेवा. कोपऱ्यात पालापाचोळ्याच्या फांद्या टाका, मागे लपायला जागा मिळते. मात्र रक्त दिसलं की त्याच क्षणी ती कोंबडी बाजूला काढा. लाल रंगावर बाकीच्या तुटून पडतात आणि मग थांबत नाहीत.

तांबडीचं अंडं सुरू झालं की तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या भाजून, गव्हाच्या दाण्याएवढ्या कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, दाण्यात मिसळू नका. जिला लागेल ती खाईल. पहिली एक-दोन अंडी मऊ कवचाची आली तर घाबरू नका.

तिघींना बाहेर चरायला सोडताना पहिले आठ दिवस सकाळी सोडू नका. दिवस मावळायला तासभर असताना, दाणा न देता, उपाशीच सोडा. घराजवळच्या घराजवळ खुडबुडतील, आणि तुम्ही खुराड्यात दाणा टाकून हाक मारली की तांबडी पुढे होईल, दोघी तिच्या मागून आत जातील. तोवर फणसाच्या खालच्या फांद्या मात्र छाटून ठेवा.